परळीपर्यंत

आमच्या गावच्या देवीचं लग्न राहून गेलं. अंबाजोगाईत वाढलेल्या कुठल्याही लेकराला देवीची गोष्ट विचारा, ते इथूनच सुरुवात करतं. योगेश्वरी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं ठरलं. वऱ्हाड सह्याद्री चढून, एवढा मोठा मुलूख तुडवून बालाघाटाच्या पठारावर आलं आणि इथं कुठंतरी उशीर झाला. कशानं झाला याबद्दल घरोघरच्या आज्यांचं मत निराळं आहे. माझ्या आजीचा सगळा राग नवऱ्यामुलाकडच्यांवर होता. त्यांनी म्हणे सामोरं यायला हवं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले आणि नवरी कुमारिका म्हणून इथंच राहिली. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर.

त्या वऱ्हाडाचा पुरावाही आमच्याकडे आहे. जयवंती नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत. मोठं अंगण, मधे नंदीचा मंडप आणि दगडाचेच हत्ती. जाणकार त्यांना शिवलेणी म्हणतात आणि शतकांचा हिशेब मांडतात. गाव म्हणतं हत्तीखाना. शाळेची सहल तिथं गेली की आम्ही पोरी हत्तींकडे कमी आणि झिजलेल्या आकृत्यांकडे जास्त बघायचो. ही करवली, ही नवरीची मावशी, हा ताशेवाला. एकीचं नाक गेलेलं होतं, तिला आम्ही वरमाय केलं होतं.

आणि याच देवीची ओटी भरायला, लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच, हातावरच्या मेंदीसकट नवी जोडपी येतात. कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची ही कुलदेवता. मार्गशीर्षातल्या उत्सवात देवळाच्या आवारात उभं राहिलं, की पैठण्या आणि जीन्स शेजारीशेजारी रांगेत दिसतात. जिचं स्वतःचं जमलं नाही, तिला सगळे आपापला संसार सांभाळायला सांगून जातात. ती ऐकून घेते. मला ती कधी बिचारी वाटली नाही. एवढा मोठा गाव पदरात पडल्यावर कशाला वाटेल?

तसं हे गाव एकूणच संसाऱ्यांचं नाही. डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. शके 1110 चा, म्हणजे 1188 सालचा विवेकसिंधू त्यांचा. विदर्भातलं अंभोरंही त्यांच्यावर हक्क सांगतं, पण हे आमच्या गावात मोठ्यानं बोलू नये. निजामाच्या राजवटीत गावाचं नाव मोमिनाबाद होतं, तेव्हा इथल्या शाळेत शिकवायला आले ते स्वामी रामानंद तीर्थ, तेही संन्यासी. आणि आज त्यांच्याच नावाच्या मेडिकल कॉलेजात आसपासच्या तालुक्यांतली बाळंतपणं होतात. दासोपंत तेवढे प्रपंचातले. त्यांचं थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अजून गावात नांदतं आहे. अशा या गावात लग्नाचा वाढदिवस करायचा म्हणजे थोडं चोरट्यासारखंच वाटतं.

आमचं लग्न मे महिन्यातलं. बीड जिल्ह्यात दुसरं कधी असणार? ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या पुढंमागं गावी परततात, रानं मोकळी असतात, शाळांना सुट्ट्या असतात. म्हणून मग बेचाळीस अंशांच्या उन्हात, मांडवाच्या कापडातून ऊन गाळून घेत, सगळ्या जिल्ह्याची लग्नं एकदमच लागतात. आमच्या पत्रिकेवर 12 वाजून 41 मिनिटं छापली होती. अक्षता पडल्या अडीचला. वरात मारुतीच्या देवळापाशी अडून बसली होती आणि यांच्या मित्रांचं नाचून होईना. अंतरपाट धरायला उभे राहिलेले दोन काका दोनदा चहा पिऊन आले. माझ्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या. पण कोणी दगडाचं झालं नाही. हल्ली तर पत्रिकेतल्या वेळेला कोणी विचारतच नाही. डीजेचा जनरेटर बंद पडतो तो मुहूर्त. हे सगळं बघितल्यावर योगेश्वरीच्या वऱ्हाडाला झालेली शिक्षा मला फार जास्त वाटते.

लग्नं आमच्या आधीही लागत होती, त्यांचे वाढदिवस होत नव्हते. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची तारीख मला शोधूनही सापडली नाही. आईच्या हिशेबात ते ‘खडी फोडायचं साल’. 1972 चा पाऊस आलाच नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न लागलं. आधी ठरलेलं होतं, मोडायचं कशाला, एवढाच विचार. सगळा जिल्हा तेव्हा दुष्काळी कामांवर होता. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव, कुठं नुसतीच खडी. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो, लेकरांना सुकडी. लग्नाच्या पंगतीला मिलोच्या भाकरी होत्या, हे आई अजून सांगते, आणि सांगताना तोंड असं करते की ती भाकर आत्ताच घशात अडकली आहे.

आठवड्याभरात आई दादांच्या शेजारी खडी फोडायला बसली. अंगावर हळदीचंच लुगडं, कारण दुसरं धड नव्हतं. दादा मोठे दगड फोडायचे, आई ते बारीक करायची. नव्या नवरीनं नवऱ्याशी चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. पण हातोड्याला कोण अडवतो? दादांचा घाव पडला की आईचा पडायचा. संध्याकाळी मोजमाप करणारा यायचा तेव्हा दोघांची खडी एकाच ढिगात मोजली जायची. लग्नाआधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली ती दोन माणसं, त्यांची पहिली एकत्र नोंद हजेरीपटावरच झाली असणार.

पुढं बऱ्याच वर्षांनी, माझ्या लहानपणी, जत्रेत तंबूतलं टुरिंग टॉकीज आलं. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ लागला होता. चित्रपट 1972 चाच, पण आमच्याकडच्या तंबूत तो कितीतरी नंतर पोचला. दादा म्हणाले, “चला, बघून येऊ.” आईनं पेटीतली साडी काढली, वेणीला अबोली लावली. तंबूत बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे दोर. मी आईच्या मांडीवर. दादा पलीकडे, बिडीच्या धुरात कुठंतरी. येताना दादा दहा पावलं पुढं, आई मागं, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यावर मी दोघांकडे आळीपाळीनं पळत. त्यांनी मिळून पाहिलेला तो एकमेव सिनेमा असा त्यांनी दोराच्या दोन बाजूंनी पाहिला. तरी त्यावर ते जन्मभर बोलत राहिले. मास्तराचं चुकलं असं दादांचं म्हणणं, आणि आईचं म्हणणं, तुम्ही लांब बसला होतात, तुम्हाला त्याचं तोंड नीट दिसलं नसंल.

यंदा पुण्याहून लेकीचा फोन आला. “आई, या वेळी बाबांबरोबर डेटवर जा.” तिनं गावातच नव्यानं निघालेला एक कॅफेही शोधून ठेवला होता, टेबलावर फुगे लावतात, मेणबत्ती लावतात, फोटो काढून देतात. मी तो कॅफे बाहेरून पाहिला आहे. उंच स्टुलांवर पाय लोंबकळत ठेवून पोरंपोरी बसलेली असतात. तिथं साडी सावरत चढायचं कसं आणि उतरायचं कसं, हा विचार करूनच मी नको म्हटलं.

खरी अडचण स्टुलाची नव्हती. आमच्याकडे जोडीनं करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. सत्यनारायण जोडीनं, वास्तुशांत जोडीनं, पेरणीच्या पहिल्या तिफणीची पूजा जोडीनं, कुणाच्या घरी दुःख झालं तर भेटायला जाणं जोडीनं. दोघांनी मिळून काहीतरी करायचं असतं आणि ते करताना शेजारी असायचं असतं. काहीच करायचं नाही, नुसतं एकमेकांबरोबर असायचं, तेही घराबाहेर, कामाचे कपडे काढून, याचा आम्हाला सराव नाही. दाराबाहेर पडताना हातात काहीतरी कारण लागतंच.

ते कारण आमच्या लोकांनी फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. देव. लग्नानंतरचं देवदेव म्हणजे दुसरं काय होतं? तुळजापूर, जेजुरी, परळी. देवाचं नाव पुढं करून नव्या नवरानवरीला एका एसटीत शेजारी बसू द्यायची सोय. आमच्या देवदेवाला आत्याबाई, दोन नणंदा आणि दशम्यांचं गाठोडं बरोबर होतं, ते सोडा. जेजुरीला नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात. यांनी मला उचललं तेव्हा दोन्ही नणंदा मोठमोठ्यानं पायऱ्या मोजत होत्या, आणि पाच झाल्या त्या क्षणी यांनी मला खाली ठेवलं. एक पायरी जास्त झाली असती तर खंडोबा रागावला नसता.

तर यंदा हे दुकानातून लवकर घरी आले. हेच मोठं. यांचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि मे महिन्यात बियाण्याच्या दुकानदारानं संध्याकाळी शटर ओढायचं म्हणजे ऐन दिवाळीत हलवायानं भट्टी विझवण्यासारखं आहे. “परळीला जाऊन येतो,” हे आत्याबाईंना म्हणाले, “दर्शनाला.”

“आज सोमवार हाय व्हय?” आत्याबाईंनी विचारलं.

“सोमवारी गर्दी असते.”

आत्याबाईंनी माझ्या साडीकडे एकदा पाहिलं, गजऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, “परसाद आणा मला.” त्यांना सगळं कळलं होतं. गल्लीला मात्र सांगावं लागलं. मोटारसायकल सुरू होईपर्यंत तीन ओट्यांवरून एकच प्रश्न आला, “कुठं चाललाव जोडीनं?” आणि प्रत्येक ओट्याला यांनी तेच उत्तर दिलं, दर्शनाला. गावाबाहेर पडल्यावर मान थोडी वळवून म्हणाले, “देवीच्या वऱ्हाडाला जमलं नाही, तेवढं अंतर आपल्याला जमतंय का बघू.”

गोरजाची वेळ होती. मेमधली आमच्याकडची संध्याकाळ ज्यानं पाहिली नाही, त्याला संध्याकाळ म्हणजे काय ते पुरतं कळलेलं नाही, असं माझं मत आहे. दिवसभर रस्त्यावर माणूस नसतं. पाच वाजेपर्यंत झाडंसुद्धा हलत नाहीत. मग कुठून कोण जाणे, एक झुळूक येते, ती अजून गरमच असते, तरी लोक दारं उघडतात, ओटे धुतात, बाजा बाहेर काढतात. डांबरातून वाफ येतच असते, पण वरून हवा निवत जाते; मोटारसायकलवर मागं बसलं की पावलांना ऊन लागतं आणि कपाळाला वारा. कुठंतरी लांब वळवाचा पाऊस पडून गेलेला असावा, कारण मातीचा वास मधेच आला आणि पुढच्या वळणावर नाहीसा झाला. बांधांवरच्या बाभळी, नांगरून टाकलेली काळी रानं, एखादा उशिराचा गुलमोहर. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. एरवी मी सीटमागची दांडी धरते.

यांचा फोन तेवढ्यात वाजायचाच. गाडी कडेला. “नाही दादा, सोयाबीन अजून आलं नाही. पाऊस पडू द्या आधी. हो, कपाशीचं बघतो.” पुन्हा निघालो, पुन्हा फोन. मग एका गावाच्या वेशीपाशी वरात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे, पुढं पोरं, घोड्यावर नवरदेव, आणि नवरदेवाच्या हातात मोबाइल. दोन्हीकडून गाड्या तुंबलेल्या. आमच्या पुढं राखेचा एक हायवा उभा होता. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणारे हे हायवा या रस्त्याला नवीन नाहीत. ताडपत्रीखालून राख भुरभुरत होती आणि डीजेच्या दणक्यानं आणखी उडत होती. माझ्या आंबेमोहोरी साडीवर राखाडी थर बसला. नाचणाऱ्यांतल्या एकानं यांना ओळखलं, बियाण्याचा जुना गिऱ्हाईक असावा, आणि हाताला धरून ओढलं. हे नको नको म्हणत गेले आणि गेल्यावर नाचले. दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. मी गाडी धरून उभी. मला आमच्या वरातीत हे नाचलेले आठवत नव्हते. तेव्हा ते घोड्यावर होते.

परळीला पोचेपर्यंत पुरता अंधार झाला. पंचवीस किलोमीटरला आम्ही इतका वेळ घेतला की वऱ्हाडाला आता काही बोलायची सोय राहिली नाही.

वैजनाथाचं देऊळ उंचावर आहे, खाली रुंद दगडी पायऱ्या. अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्या विधवा बाईनं हिंदुस्थानभर किती देवांची घरं दुरुस्त केली, हा विचार मला प्रत्येक ज्योतिर्लिंगापाशी येतो. इथल्या पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं. पाण्यानं आणि बेलानं गार झालेला तो दगड दिवसभराच्या उन्हानंतर हाताला लागला की हात काढावासा वाटत नाही, आणि मागचा माणूस ढकलत असतो. दर्शन झालं, आत्याबाईंचा प्रसाद घेतला, म्हणजे कारण संपलं. आता फक्त आम्ही दोघं उरलो. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

परळीकर मानतात की इथं महादेव पार्वतीसह राहतो. मी म्हटलं, “म्हणजे तुमचा नवरदेव थांबला नाहीच.”

“थांबून काय करणार? वऱ्हाडच आलं नाही.”

“निरोप पाठवता आला असता.”

“तिनंही पाठवला नाही.”

यावर आम्ही बराच वेळ भांडलो. दोन देवांच्या वतीनं भांडायला सोपं जातं, घरचं काही निघत नाही. मग विषय संपले. लेकीचं, दुकानाच्या उधारीचं, यांच्या गुडघ्याचं, सगळं बोलून झालं होतं. लांब वीज केंद्राचे दिवे दिसत होते. 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते सगळं केंद्रच बंद पडलं होतं, तेव्हा त्या दिशेला नुसता अंधार असायचा, असं हे म्हणाले. मी हं म्हटलं. काय बोलावं कळेना. उठावंसंही वाटेना. शेजारच्या पायरीवर एक आजी नातवाला शेंगदाणे सोलून देत होत्या, तिकडं बघत राहिलो.

मग हे एकदम म्हणाले, “ती वरात मीच थांबवली होती.”

“कुठली?”

“आपली. मारुतीपाशी. पोरं थकली होती, चला म्हणत होती. मीच म्हटलं, वाजू द्या अजून थोडं.” थोडं थांबून म्हणाले, “भीती वाटत होती मला.”

इतकी वर्षं मी यांच्या मित्रांना बोल लावत होते. त्यातल्या एकाला तर घरी आला की मुद्दाम फिका चहा दिला आहे. मी यांच्याकडे पाहिलं. अंधारात चेहरा नीट दिसत नव्हता, मिशीतलं पांढरं तेवढं दिसत होतं. “कशाची भीती?” मी विचारलं. “ते काय सांगता येतं का,” म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. “चल, भूक लागली.”

ती भूकही भीतीच. मांडवात मी अडीच तास काय करत होते, ते यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. जेवताना सांगितलं. ढाब्यावर नवराबायको म्हणून आम्हाला ‘फॅमिली’ लिहिलेल्या खोलीत बसवलं. तिच्या पडद्याला आधी जेवून गेलेल्या सगळ्या कुटुंबांचे हात पुसलेले होते. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. पंखा फक्त आवाज करत होता. त्या खोलीत बसून मी यांना सांगितलं की मांडवात मागच्या बाजूला एक कनात सैल होती, आणि बाराच्या सुमाराला मी त्या कनातीकडे बघत होते. हे भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिले. मग हसले. मग मीही. वेटरनं पडदा बाजूला करून विचारलं, काही पाहिजे का.

परतताना रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबलो. घुंगरू वाजत होते, चरकावर बर्फ, लिंबू, आलं. मी ग्लास तोंडाला लावते तोच कोणीतरी म्हणालं, “बाई, ओळखलं का?”

माझी विद्यार्थिनी. नववीत पहिल्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं होतं असं मी तिच्या वहीवर लिहिलंही होतं. दहावीला आलीच नाही. तेव्हा मी तिच्या घरी जाऊन वडिलांशी बोलले होते. ते माणूस वाईट नव्हते. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आसपास उचल देतो ती जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धाच. मग घरात पोरगा कमावता झाला की त्याला जोड लागते आणि पोरगी मोठी झाली की तिला. 2019 मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. वर्गात मुलींसमोर उभी राहिले की अजूनही हा आकडा मला मधेच आठवतो आणि फळ्यावरची तारीख लिहायची राहते.

ती मात्र त्या रात्री छान दिसत होती. बस्ता बांधायला परळीला आली होती, दिराचं लग्न. बरोबर नवरा, मोटारसायकलला पिशव्या अडकवलेल्या.

“रस घे ना,” मी म्हटलं.

“नगं ओ बाई. सा म्हैने त्याच्यातच असतो. वास आला तरी हात दुखाया लागतेत.” तिनं लिंबूसोडा घेतला. नवऱ्यानं मात्र रस घेतला आणि दोघांनी मधे एकदा ग्लास बदलून पाहिले. “येवढी भारी साडी! आज काय हाय, बाई?”

“लग्नाचा वाढदिवस.”

“तुमचा का काकांचा?”

हे एवढे हसले की ठसका लागला. तीही हसली, आणि नवऱ्याला म्हणाली, “आपला कवा असतोय ओ?” त्यानं खरंच विचार केला. “उचल घेतली त्याच्या दुसऱ्या रोजी,” तो म्हणाला.

“तुम्ही जाता का कुठं, दोघंच?” मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, हे काय विचारणं झालं.

“जातो की. कारखान्याला.” ती सोड्यातला बर्फ कडकड चावत म्हणाली. “गाडी खाली व्हायला कवा कवा रात उजाडती. लेकरू कोपीवर सासूपशी असतंय. मग मी बी जाते गाडीवर. वर उसावर पडून ऱ्हायाचं, नंबर येईस्तोवर. लई थंडी असती. हे मोबाइलवर गाणी लावतेत.”

“चल आता,” नवरा म्हणाला आणि गाडीला किक मारली. ती पिशव्या सावरत मागं बसली. बसल्यावर तिनं विचारलं, “तुमचं किती साल झालं बाई?”

आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं आणि आकडे वेगवेगळे निघाले. ती हसत हसत गेली. आम्ही तिथून जे सुरू झालो ते अंबाजोगाईची कमान दिसेपर्यंत. यांचा आकडा माझ्यापेक्षा एकानं कमी. मी म्हटलं, मोजा. हे मोजायला लागले. लग्नाचं साल, लेक झाली ते साल, दुकान काढलं ते साल, बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते साल. 2016 आलं आणि यांनी ते गाळलं.

“मधलं एक गेलं,” मी म्हटलं.

“ते नाही धरायचं. त्या वर्षी आपण काही केलंच नाही. मांजरा धरण कोरडं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते. कुठला वाढदिवस!”

“टँकर आला होता की.”

“मग?”

“रात्री एक वाजता आला होता. गल्ली झोपलेली. आपण दोघंच उठलो होतो.”

हे काही बोलले नाहीत. वळणावर गिअर बदलला.

“पाइप कोणी धरला होता?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“मग धर तेही साल.”